घसा दाटलेला असताना उपासनेत गाणं म्हणजे काय?

प्रश्न आपल्या कोल्हापुरातल्याच एका तरुणाचा आहे. त्यांचे वडील चर्चच्या मंडळीत पंचवीसेक वर्षं तबला वाजवायचे. गेल्या दिवाळीनंतर ते प्रभूकडे गेले. तेव्हापासून हा मुलगा दर रविवारी उपासनेला येतो, पण गीत सुरू झालं की त्याचा घसा दाटतो, तोंड उघडत नाही. कुणी त्याला म्हणतं, स्तुती कर, दुःख पळून जाईल. कुणी म्हणतं, मन नसताना गाऊ नकोस, ते ढोंग होईल. त्याचा प्रश्न असा: ख्रिस्ती उपासनेत गाण्याला नेमका आध्यात्मिक अर्थ काय आहे? उपदेशाआधी वातावरण तयार करायचं, एवढंच त्याचं काम असेल, तर माझ्या गप्प राहण्यानं काही बिघडतं का?

सलाम.

मी धर्मशास्त्राची पदवी घेतलेली नाही. एकतीस वर्षं मंडळीत पेटीवर बसते, गायनमंडळ बसवते, नाताळाच्या फेरीपासून मातीपर्यंत सगळीकडे गाते आणि गाववते. त्या बळावर सांगते आहे.

सगळ्यात आधी हे, की तुम्ही गात नाही म्हणून तुम्ही उपासनेत नाही असं मनात आणू नका. गाणं चालू असताना तुम्ही तिथे उभे आहात, यालाही गाण्यात जागा आहे. ती कुठली, ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं शेवटचं, 150 वं स्तोत्र काढा. कर्णा, वीणा, सारंगी, डफ, तंतुवाद्यं, पावा, झांजा, अशी वाद्यांची मोठी रांग लागते आणि सगळ्यात शेवटी येतं, ‘प्रत्येक प्राणी परमेशाचे स्तवन करो.’ लहानपणी मला ‘प्राणी’ म्हणजे गाय, बैल, चिमण्या असंच वाटायचं. मूळ इब्रीत तिथे श्वासाचा शब्द आहे; ज्याच्यात म्हणून श्वास आहे तो. आणि आपल्या मराठी शब्दातही तेच लपलंय. प्राण आहे तो प्राणी. आपण रोज वापरतो म्हणून तो प्राण आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच. इतकी वाद्यं मोजून झाल्यावर स्तोत्रकर्ता शेवटचं वाद्य सांगतो ते श्वासाचं. आता उत्पत्तीचा दुसरा अध्याय आठवा. मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत देवानं श्वास फुंकला, तेव्हा तो जिवंत झाला. म्हणजे गाताना आपण जो श्वास सोडतो तो मुळात आपला नाहीच. ज्यानं दिला त्याच्याकडे तो शब्द होऊन, सूर होऊन परत जातो. इब्री आणि ग्रीक या दोन्ही भाषांत श्वास, वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे. मला विचाराल तर गाण्याचा पहिला आध्यात्मिक अर्थ इथे आहे. चालीत किंवा भावनेत जाण्याआधी तो श्वासात आहे.

म्हणून मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी गाणं शिकवत नाही. उभं करते, हात पोटावर ठेवायला लावते आणि चार मात्रांत श्वास घेऊन आठ मात्रांत सोडायला सांगते. मग विचारते, हा श्वास तुम्ही कुठून आणलात? दहा-बारा वर्षांची पोरं ती, आधी हसतात, मग गप्प होतात.

आता वातावरणाचा मुद्दा. हा शब्द माझ्याही कानावर येतो. ‘मॅडम, दोन गाणी जोरात घ्या, लोक सेटल होऊ देत, मग उपदेश.’ मला याचा मनापासून त्रास होतो. लोक जागेवर बसावेत म्हणून देवाचं नाव घ्यायचं? ख्रिस्ती लोकांची ओळखच आधी गाण्यातून झालेली आहे. इसवी सन 112 च्या सुमाराला प्लिनी नावाचा एक रोमन सुभेदार सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारतो, की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय? चौकशीत त्याला जे कळलेलं असतं त्यात हे आहे, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं गीत म्हणतात. तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या, छापलेलं शास्त्र नव्हतं, पेटी-तबला तर नव्हताच. आळीपाळीनं गाणं होतं.

हे ‘आळीपाळीनं’ लक्षात ठेवा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. 136 वं स्तोत्र बघा. सव्वीस ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच ओळ, ‘त्याची दया सनातन आहे.’ वाचायला घेतलं तर दहाव्या ओवीला कंटाळा येतो, कारण ते वाचायचं नाहीच. एकानं पुढची ओळ सांगायची, बाकीच्यांनी ध्रुवपद धरायचं. आपल्या भजनात बुवा आणि टाळकरी करतात तेच. बुवाचा श्वास संपतो तिथे टाळकऱ्यांचा सुरू होतो. एकट्यानं अख्खं गाणं ओढायचं, अशी या गाण्याची रचनाच नाही. प्रेषित पौलानं इफिस शहरातल्या मंडळीला लिहिताना गाण्याबद्दल जे सांगितलं त्यातही दोन दिशा आहेत. प्रभूला गा, हे तर आहेच. पण त्याच वाक्यात तो म्हणतो, स्तोत्रांनी, गीतांनी एकमेकांशी बोला. एकमेकांशी! म्हणजे रविवारी तुमच्या शेजारची बाई गाते तेव्हा ती देवाशी बोलत असते आणि तुमच्याशीही. आणि जिथे एक बोलतो तिथे दुसऱ्यानं ऐकायचं असतं. ऐकणारा रिकामा उभा नसतो.

यावर एक गोष्ट सांगते, सोळाशे वर्षांपूर्वीची. संत ऑगस्टिन तुम्हाला नावानं माहीत असेल, उत्तर आफ्रिकेतला मोठा धर्मपंडित. त्याच्या आईचं नाव मोनिका. मुलानं ख्रिस्ताकडे यावं म्हणून तिनं वर्षानुवर्षं अश्रू गाळले होते. 387 साली त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी, घरी परतताना वाटेत, रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात ती वारली. पुढे काय झालं ते त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. तिचे डोळे मिटल्यावर एवोदियस नावाच्या त्याच्या मित्रानं स्तोत्रांचं पुस्तक उचललं आणि गायला सुरुवात केली. दया आणि न्याय यांचं गीत मी गाईन, असं म्हणणारं ते स्तोत्र, आपल्याकडचं 101 वं. सगळं घर त्याला ओळीमागून ओळ साथ देऊ लागलं. ऑगस्टिन मात्र आतल्या आत कोंडलेला. डोळ्यांत पाणी नाही. मातीला गेला, परत आला, तरी नाही. दुःख उतरेल म्हणून अंघोळ करून पाहिली, त्यानंही काही झालं नाही. मग झोपला. जाग आली तेव्हा बिछान्यात एकटाच पडलेला असताना त्याला एक संध्याकाळचं गीत आठवलं, मिलानचे बिशप अँब्रोज यांनी रचलेलं. सगळं निर्माण करणारा देव रात्रीला झोपेचं पांघरूण घालतो, दुखऱ्या मनांना हलकं करतो, अशा अर्थाचं. त्या ओळी मनात आल्या, हळूहळू आई आठवत गेली, आणि मग त्याला रडता आलं.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. बघा ना त्यातला क्रम. मुलगा दुःखात कोंडलेला. मित्र गातो. घर साथ देतं. मुलाचे डोळे कोरडेच. आणि जे गीत अखेर त्याच्या मदतीला आलं ते त्यानं त्या दिवशी गायलेलं नव्हतं. कधीतरी आधी, मंडळीत उभं राहून, सगळ्यांच्या आवाजात त्याच्या आत उतरलेलं होतं. तुमच्याही आत अशी गीतं आहेत. पंचवीस वर्षं तबल्याशेजारी बसून तुम्ही ती ऐकली आहेत.

याच अँब्रोजच्या मंडळीची आणखी एक हकिकत ऑगस्टिननं लिहिली आहे. 386 साली मिलानमध्ये राजमातेनं चर्च ताब्यात घ्यायचा घाट घातला. लोक बिशपबरोबर चर्चमध्येच ठाण मांडून बसले, रात्र-रात्र जागले. दुःखानं आणि शिणानं माणसं खचू नयेत म्हणून तिथे पूर्वेकडच्या मंडळ्यांसारखी गीतं आणि स्तोत्रं गायची रीत सुरू झाली. माणसं आनंदात होती म्हणून गात नव्हती, खचू नयेत म्हणून गात होती.

हे मला पुस्तकातून नव्हे, 2019 च्या ऑगस्टमध्ये कळलं. पंचगंगा गावात शिरली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, दूध नाही, वीज नाही. आमच्या एका कुटुंबाच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौदा जण होतो. खाली जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी. रात्री ते पायरीला लागून चुळूकचुळूक आवाज करायचं, तो आवाज मी आजही विसरले नाही. एक मेणबत्ती, ती पण वाचवून वापरायची. पेटी नाही, पुस्तकं खालच्या कपाटात, म्हणजे पाण्यात. घरातली आजी ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, ‘मी सुरू करतो, तुम्ही मागनं धरा की.’ जुनं पद होतं. तिचा आवाज कापरा, वरच्या सुराला फाटायचा. दुसऱ्या कडव्याला ती अडली. शब्दच आठवेना. तेव्हा कोपऱ्यातून, जो पोरगा सकाळपासून कुणाशी एक शब्द बोलला नव्हता, त्यानं ती ओळ पुरी केली. त्याचं दुकान त्या पाण्यात गेलं होतं. तिसरं कडवं माझ्या लक्षात होतं, चौथं कुणाच्याच नव्हतं, म्हणून आम्ही पहिलंच पुन्हा घेतलं. अख्खं गाणं त्या खोलीत कुणालाही येत नव्हतं, पण आम्हा सगळ्यांत मिळून ते होतं. मंडळी म्हणजे काय, हे मला त्या रात्री जितकं समजलं तितकं कुठल्याही उपदेशातून समजलं नव्हतं.

तुमच्या बाबतीत आत्ता तेच चाललंय. तुमचं कडवं अडलंय. बाकीचे पुढचं म्हणत आहेत.

आता ढोंगाचं. मनात नसताना ओठांनी म्हणणं म्हणजे खोटं, असं तुम्हाला सांगितलं गेलं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण मला ते पटत नाही, आणि शास्त्रही तसं म्हणत नाही. गाण्याचा तिटकारा आल्याचं देवानं ज्या संदेष्ट्याच्या तोंडून सांगितलं तो आमोस. पाचव्या अध्यायात देव म्हणतो, तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा. का? गाणाऱ्यांचं मन भरून आलं नव्हतं म्हणून? नाही. त्याच अध्यायात आहे: गरिबांना तुडवता, लाच खाता, दरबारात दुबळ्यांना न्याय नाकारता, आणि वर गाता. न्याय पाण्यासारखा वाहू द्या, हे लगेच पुढचंच वचन. म्हणजे ढोंग ठरतं ते सोमवारी, रविवारच्या घशावर ते ठरत नाही. तुम्ही दुःखात आहात. दुःखी माणसानं दुसऱ्याच्या तोंडचे शब्द उसने घेऊन म्हटले तर ते खोटं कसं होईल? आजारी माणसाच्या तोंडात घास दुसरा कुणीतरी घालतोच की.

येशूनं स्वतः तेच केलं. शेवटच्या भोजनानंतर तो आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, असं मत्तय आणि मार्क दोघांनीही लिहिलंय. वल्हांडणाच्या भोजनाला 113 ते 118 ही स्तोत्रं गायची यहुद्यांची रीत आहे, त्यामुळे ती याच गीतांपैकी असावीत असं अभ्यासक मानतात. 118 वं काढून वाचा. त्यात ओळ आहे, मी मरणार नाही, तर जगेन. काही तासांत धरून नेलं जाणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या ओठी ही ओळ! आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर तो ओरडला ते, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ती 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. सगळ्यात खोल यातनेत त्यानं नवे शब्द शोधले नाहीत. आईच्या मांडीवर, सभास्थानात लहानपणापासून कानावर पडलेलं स्तोत्र त्याच्या मदतीला आलं.

आणि ‘स्तुती केली की दुःख पळतं’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन, की मग स्तोत्रसंहितेत इतके विलाप कशाला ठेवलेत? दीडशेपैकी सर्वांत मोठा गट विलापाच्या स्तोत्रांचाच आहे. 13 वं स्तोत्र ‘कुठवर?’ असं चार वेळा विचारतं. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचा शब्द नाही. तरी ते गाण्यासाठीच आहे, वर तशी सूचनाही आहे. आमच्या मंडळ्यांत आम्ही ही स्तोत्रं जवळजवळ गातच नाही, ही आमची मोठी चूक आहे. आनंदाची दहा गाणी एकापाठोपाठ घेतली, की ज्याच्या घरी नुकतीच माती झालीय त्याला वाटतं, हे माझ्यासाठी नाही. ही चूक मीही पुष्कळ वर्षं केली. आता महिन्यातून एकदा तरी एक विलाप मी घेतेच. पहिल्यांदा घेतला तेव्हा काही जण नाराज झाले. उपासना सुटल्यावर मात्र एक बाई माझ्याजवळ आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काही न बोलता गेल्या.

चालीबद्दलही बोलायला हवं, कारण तुमचे वडील तबला वाजवायचे आणि ती काही शोभेची गोष्ट नव्हती. कोल्हापुरात 1852 साली रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी आले आणि आपल्या बऱ्याच मंडळ्यांची मुळं त्या कामात आहेत. त्यांच्याबरोबर पाश्चात्त्य चालीही आल्या, सुंदर चाली. पण मराठी शब्द त्या चालीत बसवताना एक अडचण येते, ती गाणाऱ्यालाच कळते. इंग्रजी गाणं आघातावर चालतं, मराठी मात्रेवर. ‘प्रभु’तला ह्रस्व ‘प्र’ चार मात्रा ताणावा लागला की जीभ अवघडते, अर्थ मागे राहतो. अभंगात तसं होत नाही. सहा-सहा-सहा-चार अक्षरांची ती बैठक मराठी श्वासावर बेतलेली आहे. चौथ्या चरणाला आपोआप दम घ्यायला जागा मिळते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे फार लवकर ओळखलं होतं. इंग्लंडमध्ये जन्मलेला माणूस, पण 1616 साली गोव्यात छापलेलं त्यांचं ख्रिस्तपुराण ओवीत आहे, दहा हजारांहून जास्त ओव्या. आणि नारायण वामन टिळक तर आपल्या घरचेच. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांनी अभंग लिहिले, हातात टाळ घेऊन ख्रिस्ती कीर्तनं केली. यामागे लोकांना आवडेल म्हणून काही करायचं, असा हिशोब नव्हता. देव आपल्यात येऊन राहिला, मांसाचा झाला, असं मानणाऱ्या श्रद्धेला आपल्या मातीची लय परकी कशी असेल? कॅथलिक चर्चनंही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 सालच्या दस्तऐवजात, ज्या देशांत स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे तिला उपासनेत मान द्यावा, असं स्पष्ट म्हटलं आहे.

तुमच्या वडिलांच्या भजनी ठेक्यावर मंडळी गायची तेव्हा म्हाताऱ्या बायकांचे पाय बाकाखाली हलायचे. तेही शरीरानं म्हटलेलं ‘आमेन’च. आपल्या गावात अल्लादियाखाँसाहेबांसारखे गवई राहून गेलेत, घरोघरी भजन आहे, शाहिरी आहे. इथल्या माणसाला लय शिकवावी लागत नाही, फक्त तिला वाट द्यावी लागते. पाश्चात्त्य चाली टाकून द्या असं मी म्हणत नाही. नाताळात त्याच चाली ऐकून माझेही डोळे भरतात. पेटीसुद्धा युरोपातूनच आली, पायाचा भाता गेला आणि हाताचा आला, की ती आपली झाली. पण मरणाच्या दारात माणूस कुठली चाल गुणगुणतो ते मी पुष्कळदा पाहिलंय. ती बहुतेक वेळा आजीच्या तोंडून ऐकलेलीच असते.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. फार वर्षांपूर्वी, नाताळच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. आमच्यात एक वयस्क गृहस्थ होते, आवाज मोठा आणि सूर साफ चुकलेला. पाहुणे येणार होते. मी त्यांना बाजूला घेऊन, अगदी गोड बोलून सांगितलं, ‘काका, जरा हळू गाल का?’ त्यांनी मान हलवली. कार्यक्रम छान झाला, टाळ्या पडल्या. त्यानंतर त्या माणसानं चर्चमध्ये कधीही तोंड उघडलं नाही. पुस्तक उघडून उभे राहायचे, ओठ मिटलेले. मी जाऊन माफी मागितली. ‘अहो, तसं काही नाही,’ म्हणाले. पुढे पाच-सहा वर्षांनी ते वारले आणि त्यांच्या मातीला गाणं मीच घेतलं. त्या दिवशी माझा सूर लागला नाही. तेव्हापासून मी मंडळीत कुणालाही ‘हळू गा’ म्हणत नाही. सूर ही सेवा आहे, ती नीट व्हायला हवी, त्यासाठी मी गायनमंडळाकडून तासन्‌तास मेहनत करून घेते. पण मंडळीच्या गाण्याला सुराची अट घालायचा हक्क मला कुणी दिलेला नाही. ज्यानं श्वास दिला त्यानं सुरेल लोकांनाच तो दिला असता, तर गोष्ट वेगळी.

म्हणून पट्टीसुद्धा मी आता वेगळ्या तऱ्हेनं ठरवते. आधी माझ्या गळ्याला सोयीची धरायचे. आता गाण्यातला सगळ्यात वरचा सूर कुठला ते बघते आणि मागच्या बाकावरच्या थकलेल्या माणसाला तो लागेल का, हे पाहून पट्टी खाली घेते. काळी तीनवर चमकणारं गाणं काळी एकवर जरा मंद वाटतं, पण अख्खी मंडळी त्यात येते. आजकाल माइक आणि स्पीकर इतके मोठे झालेत, की पुढचे चार जण गातात आणि बाकीचे ऐकतात. शेवटच्या कडव्याला मी मुलांना वाद्यं थांबवायला सांगते. नुसते आवाज उरतात. कुणी पुढे, कुणी मागे, एक मूल ओरडतंय. तुम्ही उभे असता ती जागा त्या वेळी भरलेली असते, हे मला पेटीवरून दिसतं.

संगीत माणसाला वाहवत नेतं, ही भीती खोटी नाही. ऑगस्टिनलाच ती होती. शब्दांपेक्षा सुरानं आपण जास्त हललो की आपण चुकलो, असं त्यानं लिहून ठेवलंय, आणि तरीही गाणं ठेवावं असंच त्याचं मत पडलं. पौल म्हणतो, मी आत्म्यानं गाईन आणि बुद्धीनंही गाईन. दोन्ही हवं. मला यापेक्षा जास्त खोलात जायचं नाही, कारण तुमची अडचण ती नाही.

तुमच्यापुरतं सांगते. येत्या रविवारी गीत सुरू झालं की उभे राहा, पुस्तक उघडा आणि ओळीखाली बोट फिरवा. तोंड उघडलं नाही तरी चालेल. शेजारचा जिथे श्वास घेतो तिथे तुम्हीही घ्या आणि तो सोडतो तिथे सोडा. इतकंच. पुढे कधीतरी एखाद्या ओळीला आवाज आपोआप येईल. नाही आला तर दुसऱ्या रविवारी तेच. डोळ्यांतून पाणी आलं तर पुसायची घाई नको. घरी एकटे असाल तेव्हा 13 वं स्तोत्र मोठ्यानं म्हणा, गाऊ नका, नुसतं म्हणा. सहाच ओव्या आहेत. ‘कुठवर?’ हा शब्द आवाज काढून देवासमोर म्हणायचा, दबकत नाही. पाळकांशी बोला, मनातलं सांगा. आणि रात्री झोप उडाली, दिवसच्या दिवस उठावंसं वाटेना, असं होत असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. त्यात श्रद्धा कमी असल्याचं काही नाही.

तुम्ही लिहिलंय की बाबांचा तबला खोळीत तसाच आहे, त्याला हात लावायचा धीर होत नाही. आता पावसाळा तोंडावर आहे. दमट हवेत पुडी, म्हणजे वरचं कातडं, उतरते, तशीच ठेवली तर शाईही सुटायला लागते. एका शनिवारी खोळ सोडा. तबलेवाल्याकडे नेऊन पुडी आणि वाद्या बघून घ्या, हातोडीनं गट्टे ठोकून चढवून घ्या. डग्गाही. मग आमच्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा आहे, हात चांगला आहे, पण त्याच्याकडे स्वतःची जोडी नाही. त्याला रविवारपुरती द्या. तुम्ही त्याच्या मागच्या बाकावर बसा. तो भजनी ठेक्याला सम, म्हणजे पहिली मात्रा, चुकवेल, पहिले काही आठवडे तर हमखास चुकवेल. तुमच्या बाबांचा ठेका तुमच्या कानात पक्का बसलेला आहे. सम कुठे येते ते त्याला तुम्हीच हातानं दाखवू शकाल.